घरातल्या घरात कुलूप कशाला?

गेल्या पावसाळ्यात बचत गटाच्या बैठकीत एका बाईनं सगळ्यांसमोर मला विचारलं, "ताई, माझे दोन हप्ते कुठं गेले वो?" तिच्या पासबुकात दोन्ही हप्ते होते, माझ्या सहीनिशी. मी छापून नेलेल्या कागदावर मात्र नव्हते. पैसे जागेवरच होते, पण त्या दिवशी खाली मान घालून घरी आले ती मी.

घोटाळा कसा झाला ते सांगते. आमच्या घरी दोन कॉम्प्युटर. पुढच्या खोलीत ह्यांचा मोठा, कृषी सेवा केंद्राच्या बिलांचा. प्रिंटरही तिथंच. आणि आत स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझा लॅपटॉप, लेकीनं शिक्षण संपल्यावर मला दिलेला. हप्ते मी लॅपटॉपवर लिहायची, पेनड्राइव्हवर घ्यायची आणि पुढं जाऊन छापायची. छापताना चूक दिसली की तिथंच दुरुस्त करायची. होता होता एकाच नावाच्या दोन फाईली झाल्या, दोघींत हिशेब वेगळा. त्या दिवशी मी जुनी छापून नेली.

आमच्या उमरीत हिशेबाला एक वेगळंच मोल आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामात, जानेवारी १९४८ मध्ये, इथली बँक क्रांतिकारकांनी लुटली आणि त्या पैशाचा पै न् पै हिशेब पुढं दिला, ही गोष्ट आमच्याकडं लहानपणापासून ऐकवतात. बचत गटाच्या पंचसूत्रीतही पाचवं सूत्र हिशेबाचंच: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख नोंदी. पहिली चार पाळली आणि पाचवं चुकलं, तर बायकांचा विश्वास उडायला एक बैठक पुरते.

लेकीला फोन केला. ती म्हणाली, "मम्मी, फोल्डर शेअर कर की. फाईल एकच ठेवायची, दोन्हीकडून तीच उघडायची." तिनं फोनवरून एकेक पायरी सांगितली आणि जमलं. आत बसून लिहिलेलं पुढच्या खोलीत दिसायला लागलं तेव्हा मला नळाला पाणी आल्यासारखा आनंद झाला होता. महिना-दीड महिना सुरळीत गेला. मग घरी नवीन इंटरनेट घेतलं, राउटर बदलला आणि एका सकाळी फोल्डर दिसंना. नाव दाबलं की "सापडत नाही" असा इंग्रजी निरोप. लेकीला सुट्टी नव्हती. ह्यांना बिलांची घाई. मी दुरुस्तीवाल्या मुलाला बोलावलं.

मुलगा चांगला, हात झरझर चालणारा. दहा मिनिटांत म्हणाला, "काकू, झालं बघा. आता पासवर्डची पण कटकट नाही." मी चहा दिला, पैसे दिले, देवाला हात जोडले. त्यानं काय केलं ते मी विचारलं नाही. मैत्रिणींनो, माझी खरी चूक ती.

दिवाळीत पुतण्या आला. त्याला आमच्या वायफायचा पासवर्ड दिला. तो पिक्चर बघायला लॅपटॉप घेऊन बसला. रात्री जेवताना सहज म्हणाला, "काकू, त्या गल्लीतल्या बाईला नवरा खरंच इतका मारतो का हो?"

माझ्या हातातला घास हातातच राहिला.

पंधरा-सोळा वर्षांपासून मी बायकांच्या अडचणींचं काम करते. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ ला लागू झाला. त्यानंतर तक्रार कशी करायची, कुठं करायची हे विचारायला बायका येऊ लागल्या. कुणी भाजी घ्यायच्या निमित्तानं येते, कुणी दवाखान्याच्या. त्या सांगतात ते मी तारखेसह लिहून ठेवते, कारण पुढं संरक्षण अधिकाऱ्याकडं किंवा कोर्टात जायची वेळ आली तर तारखा लागतात. वहीपेक्षा कॉम्प्युटर सुरक्षित म्हणून दोन वर्षांपासून हे सगळं लॅपटॉपवर. गटाच्या हिशेबाचा फोल्डर आणि या नोंदींचा फोल्डर शेजारी शेजारी, एकाच ड्राइव्हवर.

त्या मुलानं मला गटाचा एक फोल्डर उघडून दिला नव्हता, सबंध ड्राइव्ह उघडून ठेवला होता. तोही "एव्हरीवन" म्हणजे वाट्टेल त्याला, वाचायचे, लिहायचे, पुसायचे सगळे अधिकार देऊन. वर पासवर्डची अटच काढून टाकलेली. आमच्या वायफायवर येईल त्या प्रत्येकाला माझं कपाट सताड उघडं. आणि आमच्या वायफायचा पासवर्ड कुणाकुणाकडं होता? शेजारच्या दोन घरांत, दुकानात काम करणाऱ्या पोराकडं, खताची गाडी घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरकडंसुद्धा. पुतण्या समजूतदार निघाला, त्यानं कुठं बोलणार नाही असा शब्द दिला आणि पाळला. पण तीच नोंद त्या बाईच्या दिरानं वाचली असती तर? उमरी केवढी, तिथं बातमी पोचायला किती वेळ लागतो, ते तुम्हाला मी सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी मी त्या बाईकडं गेले आणि काय झालं ते सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ताई, माझं नाव तेवढं काढा." मी तिथंच कबूल केलं. तेव्हापासून माझ्या नोंदींत कुणाचंच नाव नाही, फक्त क्रमांक. नावांची यादी कागदावर, माझ्या कुलपात. ती बाई अजून येते. पण पहिल्यासारखं सगळं सांगत नाही, हे मला कळतं.

आता मुद्द्यावर येते. घरी या विषयावर वाद झाला. ह्यांचं म्हणणं, "घरातल्या घरात कुलूप कशाला? आपण काय एकमेकांचे चोर आहोत का?" त्यांचं अगदी चुकीचं होतं असं नाही. घर चालतं ते वाटून घेण्यावर. डबा एकाचा, भाकरी चौघांची. कॉम्प्युटरचंही तसंच असावं असं वाटणं साहजिक आहे. पण माझ्या सासूबाईंची एक पत्र्याची पेटी होती. किल्ली कायम त्यांच्या कमरेला. त्यात फार काही नसायचं: थोडे पैसे, माहेरचं एक लुगडं, शेजारणीनं ठेवायला दिलेले दोन मणी. त्या पेटीबद्दल सासऱ्यांनीही कधी विचारलं नाही आणि त्यामुळं घर फुटलं नाही. उलट शेजारीण दागिना ठेवायला आमच्याकडंच यायची, कारण पेटीला कुलूप होतं. कुलूप घरच्यांवरच्या अविश्वासाचं नव्हतं, बाहेरच्यांनी टाकलेल्या विश्वासाचं होतं.

आपल्या जुन्या घरांना ओसरी होती आणि माजघर होतं. आल्यागेल्यानं ओसरीवर बसायचं, माजघरात यायचं ते बोलावल्यावर. कॉम्प्युटरवरही हीच रचना करता येते. ती आपण केली नाही, तर दुरुस्तीवाला घाईत सगळीच भिंत पाडतो. म्हणून फोल्डर दिसेनासा झाला की काय बघायचं, ते आपलं आपल्याला माहीत असायला हवं. आमच्या वेळी एमएस-सीआयटीला वर्ड, एक्सेल शिकलो. फोल्डर उघडायचा कुणाला हे मला शिकावं लागलं ते या प्रसंगानंतर, वही घेऊन, लेकीला दर रविवारी छळून. शिकले तेवढं इथं देते. आमचे दोन्ही कॉम्प्युटर विंडोजचे, म्हणून सांगणंही त्याचंच.

पाणी आलं नाही तर आपण आधी टाकी बघतो, मग मेन कॉक, मग नळ. फरशी फोडायला घेत नाही. तीच चाल इथं ठेवायची.

सगळ्यात आधी बघायचं की ज्या कॉम्प्युटरवर फोल्डर आहे तो जागा आहे का. झोपलेला कॉम्प्युटर कुणालाच दिसत नाही. माझा लॅपटॉप झाकण मिटलं की झोपायचा आणि मी पुढच्या खोलीत बटणं दाबत बसायची.

मग बघायचं की दोन्ही एकाच वायफायवर आहेत का. वीज गेली की राउटर बंद पडतो, आपण मोबाइलचं हॉटस्पॉट लावतो आणि वीज आल्यावर ते तसंच राहतं. एक कॉम्प्युटर राउटरवर, दुसरा मोबाइलवर, म्हणजे एक उमरीत आणि दुसरा धर्माबादेत. भेट कशी होणार? राउटरवर पाहुण्यांसाठी "गेस्ट" नावाचं वेगळं वायफाय असेल तर त्यावरूनही घरचे कॉम्प्युटर बहुधा दिसत नाहीत, आणि ते मुद्दामच तसं असतं.

तिसरी गोष्ट माझ्या घोळाचं मूळ होती. राउटर बदलला की विंडोजच्या लेखी ते नवीन, अनोळखी नेटवर्क. अनोळखी ठिकाणी ते स्वतःला "पब्लिक" समजून दारं लावून घेतं, शहाण्या मुलीनं स्टेशनवर पिशवी छातीशी धरावी तसं. घरच्या वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन ते "प्रायव्हेट" करायचं, दोन्ही कॉम्प्युटरवर. त्याच भागात पुढं शेअरिंगच्या सेटिंगमध्ये प्रायव्हेटखाली "नेटवर्क डिस्कव्हरी" आणि "फाईल अँड प्रिंटर शेअरिंग" चालू आहेत ना ते बघायचं. माझं काम खरं तर एवढ्यानंच झालं असतं. मात्र लॉजवर, बसस्टँडवर, दुसऱ्याच्या ऑफिसात वायफाय जोडलं तर तिथं पब्लिकच राहू द्यायचं.

एवढं करूनही शेजारचा कॉम्प्युटर यादीत दिसला नाही तर घाबरायचं नाही. यादी म्हणजे दारावरची पाटी. पाटी पडली म्हणून घर नाहीसं होत नाही. फोल्डर उघडतो त्या खिडकीत वरच्या पट्टीवर उलटी तिरकी रेघ दोनदा टाकून त्या कॉम्प्युटरचं नाव लिहायचं आणि एंटर दाबायचं. नावानं उघडलं नाही, तर नावाच्या जागी त्याचा आकड्यांतला पत्ता लिहायचा. तो नेटवर्कच्या माहितीत सापडतो, घरात बहुधा १९२.१६८ नं सुरू होतो. आकड्यानं उघडलं आणि नावानं नाही, तर फोल्डर ठीक आहे, दोष नाव शोधण्यात आहे. पण हा आकडा पाठ करून ठेवू नका. राउटर बंद होऊन चालू झाला की तो बदलू शकतो, आणि आपल्याकडं वीज किती वेळा जाते हे काय सांगायचं!

यापुढं येतो तो पासवर्ड. इथंच बहुतेक जण वैतागून कुलूप तोडतात. विचारलेलं नाव आणि पासवर्ड, ज्या कॉम्प्युटरवर फोल्डर आहे त्याचे द्यायचे असतात, आपण बसलोय त्याचे नाही. आणि सकाळी कॉम्प्युटर उघडताना टाकतो तो चार आकडी पिन इथं चालत नाही. तो त्या यंत्रापुरताच. ज्या खात्याला पासवर्डच नाही, त्या खात्यानंही साधारणपणे नेटवर्कवरून आत येता येत नाही. मी काय केलं, फोल्डर असलेल्या कॉम्प्युटरवर गटाच्या नावाचं एक वेगळं साधं खातं उघडलं, त्याला पासवर्ड दिला. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून एकदा तो टाकला, "लक्षात ठेव" वर खूण केली, संपलं. पुढं कधी पासवर्ड बदलला, तर आधी लक्षात ठेवलेला जुना "क्रेडेन्शियल मॅनेजर" मधून काढून टाकायचा. नाहीतर कॉम्प्युटर जुनीच किल्ली फिरवत बसतो.

शेवटी अधिकार. फोल्डरवर उजवं बटण दाबून "प्रॉपर्टीज" मध्ये गेलं की "शेअरिंग" आणि "सिक्युरिटी" अशी दोन पानं असतात. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही दारं ओलांडावी लागतात आणि दोन्हींत जे जास्त कडक ते लागू होतं. फोल्डर दिसतो पण उघडत नाही, किंवा उघडतो पण त्यात लिहू देत नाही, तेव्हा दुखणं बहुधा इथलं. इथं "एव्हरीवन" न निवडता त्या एका खात्याचं नाव द्यायचं. नुसतं वाचायचं असेल तर "रीड", लिहायचंही असेल तर "रीड/राइट". द्यायचा तो एक फोल्डर, सबंध ड्राइव्ह कधीच नाही.

कधी कधी लिहू देत नाही त्याचं कारण आणखी साधं असतं. पुढच्या खोलीत तीच एक्सेलची फाईल कुणी उघडी ठेवलेली असते, म्हणून आपल्याला ती नुसती वाचायला मिळते. बिघाड नाही. तिकडची बंद करा म्हणावं.

दुरुस्तीवाल्या मुलानं आणखी एक केलं होतं, ते लेकीनं येऊन शोधलं. शेअरिंगची एक फार जुनी पद्धत, "एसएमबी-१" नावाची, त्यानं चालू करून ठेवली होती. कुठल्याशा व्हिडिओत तसा उपाय सांगतात म्हणे. मे २०१७ मध्ये "वॉनाक्राय" नावाचा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला, तो याच जुन्या पद्धतीतल्या एका भोकातून. एका कॉम्प्युटरवरून नेटवर्कवरच्या दुसऱ्यावर, कुणी काही न उघडता. इंग्लंडमधल्या सरकारी दवाखान्यांना रुग्ण परत पाठवावे लागले, इकडं आंध्र प्रदेशात पोलिसांचे काही कॉम्प्युटर बंद पडले. ते भोक बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं मार्च २०१७ मध्येच दिली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती ते अडकले. त्याच वर्षाअखेरपासून नव्यानं टाकलेल्या विंडोजमध्ये ही जुनी पद्धत आपोआप येणं बंद झालं. घरात फार जुनं यंत्र असेल तर ती चालू करायचा मोह होतो, पण आपल्यासाठी तो सौदा महागाचा.

असंच "होमग्रुप" चं. विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, घरातले कॉम्प्युटर जोडायची ती सोपी सोय होती. २०१८ च्या विंडोज १० मधून ती काढून टाकली. तरी काही जण अजून तेच बटण शोधत बसतात. आणि विंडोज १० चीही नेहमीची मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. २०२४ पासूनच्या नव्या विंडोज ११ च्या काही आवृत्त्या तर पासवर्डशिवाय पाहुणा म्हणून शिरायला आपणहून नकार देतात. "कालपर्यंत चालत होतं, अपडेट आल्यावर बंद पडलं," असं कुणी म्हणालं, तर आधी विचारा, पासवर्ड काढून टाकला होता का? बऱ्याचदा कॉम्प्युटर बिघडलेला नसतो, शहाणा झालेला असतो.

आता आमच्याकडची मांडणी अशी आहे. गटाच्या हिशेबाचा फोल्डर पुढच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर, कारण तो दिवसभर चालू असतो. ती आमची ओसरी. मी आतून, गटाच्या खात्यानं, तो उघडते आणि लिहिते. बायकांच्या नोंदी माझ्या लॅपटॉपवर, कुणालाही शेअर न केलेल्या. ते माजघर. ड्राइव्हवरची "एव्हरीवन" ची खूण काढली, पासवर्डची अट परत लावली, एसएमबी-१ बंद केलं, वायफायचा पासवर्ड बदलला. पाहुण्यांसाठी गेस्ट वायफाय. शेअर केलं म्हणजे प्रत झाली असं नव्हे, हेही आता कळलंय. म्हणून दर महिन्याच्या बैठकीनंतर हिशेबाची एक प्रत पेनड्राइव्हवर, आणि ती फक्त ठेवण्यासाठी. तिच्यात दुरुस्ती करायची नाही.

ह्यांनी सुरुवातीला तोंड वाकडं केलं. मी विचारलं, "तुमच्या दुकानाची उधारीची वही खताच्या गाडीवाल्यानं चाळली तर चालेल का?" त्यावर ते हसले आणि दुकानाच्या बिलांच्या फोल्डरलाही पासवर्ड लावून घेतला. माझ्याकडून!

मैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीजणी गटाच्या सचिव आहेत, अंगणवाडीत, आशाताई म्हणून काम करतात, शिकवण्या घेतात, घरगुती व्यवसायाची उधारी लिहितात. इतरांचा पैसा, आजार, दुःख आपल्या कॉम्प्युटरवर असतं. "पोरगा सुट्टीत आला की बघेल," असं म्हणून आपण ते सगळं दुसऱ्याच्या हाती सोडतो. पोराला जरूर विचारा, दुरुस्तीवाल्यालाही बोलवा. पण तो उठायच्या आधी एवढं विचारा: काय उघडलंस, कुणाला उघडलंस आणि मला बंद करायचं असेल तर कसं करू? उत्तर वहीत लिहून घ्या. त्याला घाई असली तर चहा आणखी एक कप द्या, पण विचारा.

परवाच्या बैठकीत मी हिशेबाचा कागद फिरवला. त्या पहिल्या बाईनं बोट ठेवून आपले हप्ते मोजले, सगळे होते. "आता बरोबर हाय," म्हणाली. मग बाकीच्या निघून गेल्यावर ती मागं थांबली आणि हळूच म्हणाली, "ताई, मला पण एक सांगायचं होतं."

मी आधी आतलं दार लावून घेतलं.